चौथ्या फेरीचं भाकीत आणि सेनगावचा रस्ता

शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली तरी मी दचकते. पाल दिसली की खुर्चीवर चढते. आणि तरीही गेली काही वर्षं मी या ब्लॉगवर बॉक्सिंगच्या येणाऱ्या लढतींची भाकितं लिहिते. कोण जिंकेल, कितव्या फेरीत, कशामुळे. माझा भाऊ म्हणतो, "तू रिंगच्या बाहेरून फार शूर आहेस." खरंच आहे ते. चहाचा कप हातात घेऊन, व्हिडिओ मागेपुढे करत, कुणाचा हात केव्हा खाली येतो ते बघण्यात मला कसला धोका असणार?

नेहमीच्या वाचकांना सतीश आठवत असेल. हिंगोली जिल्ह्यातला, सेनगावजवळच्या एका बंजारा तांड्यावरचा पोरगा. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये तीन लढती, तिन्ही जिंकलेल्या, आणि तिन्हींचं माझं भाकीत बरोबर आलेलं. चौथी लढत पुण्यात होती, हरियाणाच्या एका दणकट मुलाशी. सतीशच्या गुरूंनी सरावाचे व्हिडिओ पाठवले होते. त्यात एक नवीन गोष्ट दिसली: सतीश आता मान उजव्या खांद्याकडे कलती ठेवून उभा राहत होता. मी खूश. लगेच लिहिलं, 'मान कलती ठेवून सतीश आपली डावी बाजू उघडी असल्याचं भासवतो. हा सापळा आहे. समोरचा त्यात पाऊल टाकणार आणि चौथ्या फेरीत आडवा होणार.'

तो लेख खूप फिरला. गुरूंचा फोन आला, "लढतीच्या आधी एकदा येऊन पोराला भेटून जा, बेटा. त्याला बरं वाटेल." दसरा झाला होता, रजा शिल्लक होती, आणि ज्यांच्याबद्दल लिहिते त्यांच्या गावी मी कधीच गेले नव्हते. म्हटलं, जाऊ या.

नाशिकरोडहून रेल्वेने परभणी आणि तिथून एसटीने औंढ्यावरून हिंगोली, असा रस्ता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे हा प्रवास खिशाला जड नाही. रस्ता मात्र कमरेला जड आहे. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. दोन्ही बाजूंना मळणीयंत्रांची घरघर आणि पिवळट धुरळा चाललेला. खिडकी बंद केली तर उकडतं, उघडली तर डोळ्यात कचरा जातो, त्यामुळे गॉगल आणि रुमाल जवळ ठेवाच. हिंगोलीत उतरले तेव्हा माझे केस सोयाबीनच्या भुशाने माखले होते.

सतीशच्या गुरूंना सगळे उस्ताद म्हणतात. त्यांचा गादी कारखाना आहे. पुढे कापूस पिंजायचं यंत्र, मागे पत्र्याच्या शेडमध्ये दोर बांधून केलेली रिंग. मुक्के मारायच्या पिशव्याही उस्ताद स्वतःच भरतात: वर कापूस, मध्ये चिंध्या, तळाशी जुन्या साड्यांचे पिळे. मी गेले तेव्हा पाच-सहा पोरं सराव करत होती आणि हवेत कापसाचे तंतू उडत होते. सतीश नव्हता. पुण्याला जायच्या आधी त्याला दोन दिवस घरी सोडलं होतं.

उस्तादांनी कमी साखरेचा चहा मागवला आणि म्हणाले, "एक सांगू का? त्याची मान वाकडी पाहून मला खटकलं होतं. मी इचारलं, काहून रे, काही तकलीफ? तो म्हणला, न्हाई उस्ताद, डाव हाय. मला काही ते पटंना. दवाखान्यात न्यायचं मनात होतं. मग तुमचं लिहिलेलं आलं. म्हटलं, शिकल्या-सवरल्या माणसाला दिसून राहिलं तर बराबरच असंल."

मी मान डोलावली. तेव्हा मला फक्त बरं वाटलं. ते वाक्य पुढच्या दोन दिवसांत माझ्या मानगुटीवर बसणार आहे, हे कुठे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेनगावची जीप धरली. जीप भरल्याशिवाय निघत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधीच वाटत नाही, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा. माझ्या एका बाजूला तुरीला फवारायच्या औषधाचं खोकं होतं, दुसऱ्या बाजूला एक आजी पाय पसरून झोपलेल्या. सेनगावच्या पुढे फाट्यावर उतरले, वर बघितलं आणि जागच्या जागी उभी राहिले.

फाट्यावर भला मोठा फ्लेक्स लावला होता. मध्ये सतीश, मुठी वळून. एका कोपऱ्यात तांड्याचे नाईक, हात जोडून. आणि दुसऱ्या कोपऱ्यात गोल चौकटीत मी! ब्लॉगवरचाच फोटो, पण रंगवून गोरा केलेला. खाली लाल अक्षरांत 'चौथ्या फेरीत नॉकआउट! सुप्रसिद्ध भाकीतकारांची भविष्यवाणी!'

आधी हसू आलं. मग ती लाल अक्षरं पुन्हा वाचली. घरात बसून टाइप केलेलं वाक्य असं दोन खांबांवर ताणलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. ते माझं राहिलंच नव्हतं. बकऱ्या हाकणारी एक बाई फ्लेक्सकडे, माझ्याकडे, पुन्हा फ्लेक्सकडे बघून म्हणाली, "ह्याच का त्या?"

तांडा फाट्यापासून चालत जाण्याइतका जवळ. नाईक म्हणजे तिथले वडीलधारे कारभारी, त्यांनी नारळ देऊन स्वागत केलं. "तुमचं तीनदा खरं झालं. चौथ्यांदाबी व्हणारच. पुण्याला जायाला आमी दोन जीपा ठरवल्या," ते म्हणाले. सतीश मागे उभा राहून लाजत होता. व्हिडिओत दिसतो त्यापेक्षा बारीक, हसरा, आणि मान तशीच, उजवीकडे कलती. बोलतानाही. जेवतानाही.

जेवतानाही सापळा लावून कोण बसतं?

हे माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. पण ज्वारीची गरम भाकरी, पिठलं आणि डोळ्यातून पाणी काढणारा ठेचा समोर होता, आणि मी मनातला प्रश्न भाकरीबरोबर गिळला. सतीशची आई कमलबाई, तिला तो याडी म्हणतो. ती वाटीत तेल कोमट करून घेऊन आली आणि त्याची मान चोळू लागली. "रोज चोळून राहिले, पण धरलेली मान सुटंना," ती म्हणाली. सतीश पटकन म्हणाला, "याडी, ताईपुढं काहून हे?" मग मला पाणी द्यायला त्याने तांब्या उचलला. पाण्याची धार पेल्याच्या काठाशेजारून थेट जमिनीवर गेली. सगळे हसले. तोही हसला. मी हसताना त्याच्याकडे बघत होते, आणि त्याने दुसऱ्यांदा ओतताना डावा डोळा मिटला होता.

तिसऱ्या दिवशी औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं ठरलं. लढतीआधी आशीर्वाद घ्यायची सतीशची पद्धत. तो म्हणाला, "आतल्या रस्त्यानं गाडीवर नेतो ताई, हिंगोलीचा फेरा वाचंल." मोटारसायकलवर मागे बसणं हे माझ्या भीतीच्या यादीत बरंच वर आहे, पण नाही म्हणायची लाज वाटली.

त्या रस्त्याबद्दल एरवी मी तुम्हाला भरभरून सांगितलं असतं. कापसाची बोंडं फुटायला लागली होती, माळावर गवत सोनेरी झालं होतं. मला आठवतो तो फक्त गाडीचा आरसा. त्या आरशात सतीशचा डावा डोळा मिटलेला दिसत होता. उघडायचा, लगेच मिटायचा. मी विचारलं तर म्हणाला, "कचरा गेला, ताई." समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या हेलकावत. सतीशने गाडी इतकी कडेला घेतली की चाक मुरमात गेलं आणि मागचा भाग सटकला. त्या ट्रॅक्टरला आणि आम्हाला मिळून पुरेल एवढा रस्ता मोकळा होता. मी त्याचा शर्ट दोन्ही हातांनी धरला आणि औंढ्याचा कळस दिसेपर्यंत सोडला नाही. मनात नागनाथाला काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

देऊळ अवश्य बघा. बाहेरच्या भिंतींवरची शिल्पं बघायला तास तरी ठेवा. गाभारा जमिनीखाली आहे, आणि खाली उतरायची वाट इतकी अरुंद आणि बुटकी की वाकून, भिंत धरून जावं लागतं. कोंडल्यासारखं होणाऱ्यांनी विचार करून उतरा. रांग होती. सतीश पुढे, मी मागे, माझ्या मागे लोकांची रेटारेटी.

सतीशने पहिलं पाऊल टाकलं आणि ते हवेत राहिलं. त्याने पाय मागे घेतला, पुन्हा टाकला, पुन्हा हवेतच. मागून "चला, चला" सुरू झालं. आणि तीन लढती जिंकलेला तो पोरगा त्या वाटेच्या तोंडाशी खाली बसला, दोन्ही हात भिंतींना लावले आणि लहान लेकरू जिना उतरतं तसा बसत बसत खाली गेला. दिव्याच्या उजेडात त्याच्या मानेवरून घामाचा ओघळ जाताना मला दिसला. खाली पिंडीसमोर डोकं टेकवताना मला देव दिसलाच नाही.

वर आल्यावर त्याला भिंतीच्या सावलीत बसवलं. "सतीश, खरं सांग. काय दिसतं तुला?"

त्याने डावा डोळा तळहाताने झाकला. मग म्हणाला, "खाली पाहिलं का दोन-दोन दिसून राहिलं ताई. पायरीवर पायरी. मान वाकडी केली का एक व्हते."

"कधीपासून?"

"जड वजनाच्या पोरासंग सराव करताना एक डोक्यात जोरात बसला होता. तवापासून."

"डोकं दुखतं?"

"सकाळचं. दोनदा उलटीबी झाली. याडीला सांगितलं, बाहेर वडे खाल्ले."

"अरे, मग उस्तादांना का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होतो. ते इचारूनबी राहिले होते. मग तुमचं आलं." आणि तो चक्क हसला. "म्हटलं, ताईसारख्या जाणकार बाईला डाव वाटून राहिला, तर त्या हरियाणावाल्यालाबी वाटंल. भेऊन राहील तो."

मी घाबरट आहे हे सांगितलंच आहे, पण पाल, कुकर, ट्रॅक्टर हे सगळं त्या क्षणापुढे काहीच नव्हतं. माझं भाकीत नुसतं चुकलं नव्हतं. उस्तादांच्या मनात आलेली शंका, दवाखान्यात न्यायचा विचार, सगळं माझ्या त्या एका हुशार वाक्याने बंद केलं होतं. आता हा पोरगा फुटक्या डोक्याने रिंगमध्ये उतरणार आणि लोक चौथ्या फेरीची वाट बघणार. मी अशी एक लढत बघितली आहे. ठोसा खाल्लेला मुलगा उठला, कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला, डोक्यावर पाणी घेतलं आणि मग त्या स्टुलावरून उठलाच नाही.

"कुणाला सांगू नका," सतीश म्हणाला. "तुमाला याडीची शपथ. जीपा ठरल्या, फ्लेक्स लागला. आता मागं फिरलो तर तांडा काय म्हणंल?"

शपथ मोडताना मला भीती वाटली नाही असं मी म्हणणार नाही. पण गाडी तिथल्या फुलवाल्याकडे ठेवायला लावली, "मी या गाडीवर बसणार नाही आणि तूही नाही," असं सांगितलं आणि त्याला घेऊन हिंगोलीच्या एसटीत बसले.

उस्तादांना मी सगळं सांगितलं. सतीश मान खाली घालून "काही न्हाई उस्ताद, मला बराबर दिसते" एवढंच म्हणत राहिला. उस्तादांनी बोटं दाखवली. दोन. "दोन." चार. "चार." एक. "एक." प्रत्येक वेळी बरोबर! उस्तादांनी माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या मनात वेगळीच भीती शिरली. मी पुन्हा चुकत असेन तर? एकदा उगीच डाव पाहिला, आता उगीच आजार पाहत असेन तर? एका पोराची सगळ्यात मोठी लढत मी घाबरटपणापायी मोडत असेन तर?

उस्ताद उठले. गादी शिवायची मोठी सुई, दाभण म्हणतात ती, आणि दोरा घेऊन आले. या कारखान्यात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते सरावाआधी दाभणात दोरा ओवायला बसवतात, हात थरथरायचा थांबावा म्हणून. सतीशने हे काम हजारदा केलं असेल. उस्तादांनी एका हाताने त्याची हनुवटी धरून मान सरळ केली, दुसऱ्या हाताने दाभण खाली, मांडीजवळ धरलं. "दोन्ही डोळे उघडे. ओव."

सतीशने दोरा पुढे नेला. दाभणाच्या बोटभर वर, हवेत, जिथे काहीच नव्हतं तिथे तो दोरा ओवत राहिला. एकदा, दोनदा, तीनदा. शेडमधल्या पोरांनी सराव थांबवला.

"आणि बोटं?" मी विचारलं.

"दिसली तेवढ्याचं अर्धं सांगत व्हतो," सतीश म्हणाला आणि रडायला लागला.

उस्तादांनी त्याचं डोकं छातीशी धरलं. "चुप, बेटा, चुप," म्हणत राहिले.

त्याच दुपारी हिंगोलीत डोक्याचं स्कॅन झालं. डॉक्टर म्हणाले, आत रक्त साकळल्यासारखं वाटतंय, वेळ न घालवता नांदेडला न्या. नाईक आणि कमलबाई तांड्यावरून जीप घेऊन आले, पुण्यासाठी ठरवलेल्या दोन जीपांपैकीच एक. कमलबाई माझ्याशी बोलली नाही. तिने फक्त पोराची मान हातात घेतली, चोळायला गेली आणि थांबली. आपण रोज चोळत होतो ते बरं केलं की वाईट, हे तिला कळत नव्हतं. मी म्हटलं, "त्याने काही झालं नाही, बाई." तिने ऐकलं की नाही कुणास ठाऊक.

नाईक मात्र बोलले. "तुमीच लिहिलं, तुमीच मोडलं. आता आमी ते खरं धरावं का हे?"

मी म्हटलं, "डॉक्टर सांगतील ते खरं धरा." जीप गेली. मला सोबत या असं कुणी म्हटलं नाही, आणि जीपमध्ये जागाही नव्हती.

हिंगोलीत मुक्कामाला राहिले, पण झोप कसली. सकाळी परतीसाठी वाशीमची एसटी धरली, पुढे अकोल्याहून नाशिकची रेल्वे होती. कनेरगाव नाक्यावर उतरून ढाब्यावर शेवभाजी मागवली. ती तिथे झणझणीत मिळते असं ऐकलं होतं. मिळतही असेल. माझ्या पुढ्यात ती गार झाली. फोन टेबलावर ठेवला होता आणि तो वाजू नये असंही वाटत होतं, वाजावा असंही. शेजारच्या टेबलावरचे ट्रकवाले मोठमोठ्याने हसले तरी मी दचकत होते.

फोन वाजला. उस्ताद होते.

"बेटा, टायमावर आणला म्हणून राहिले डॉक्टर. ऑपरेशन करावं लागत न्हाई वाटतं, पण दवाखान्यात ठेवणार. बॉक्सिंग मात्र बंद. कायमची." मग ते म्हणाले, "पुण्यात एखादा जरी बसला असता ना…"

मी ढाब्यावर सगळ्यांदेखत रडले. ढाबेवाल्याने काही न विचारता भाजी गरम करून आणली.

घरी येऊन आता बरेच दिवस झाले. जुनं भाकीत मी काढून टाकलेलं नाही. त्याच्यावर ही सगळी हकीकत लिहिली आहे, म्हणजे जो ते वाचेल तो आधी हे वाचेल. लढत ठरल्या दिवशी झाली, सतीशच्या जागी दुसऱ्या जिल्ह्यातला एक मुलगा उतरला. तिचं भाकीत मी लिहिलं नाही. बघितली मात्र, निम्मी बोटांच्या फटीतून. हरियाणाच्या मुलाने चौथ्या फेरीत लढत संपवली. पडलेला मुलगा स्वतःच्या पायांनी रिंगबाहेर जाईपर्यंत मी नजर हलवली नाही.

काल सतीशचा फोन आला. तो आता तांड्यावर आहे, डोळ्यावर पट्टी लावतो, एक दिवसाआड नांदेडच्या डॉक्टरांना फोन करतो. फाट्यावरचा फ्लेक्स याडीने उतरवून सोयाबीनच्या ढिगावर अंथरलाय, असं म्हणाला. अक्षरं खालच्या बाजूला.

"ताई, लढत पाहिली? मला टीव्ही पाहू देत न्हाईत."

"पाहिली."

"शेवटचा कुठून आला?"

मला सांगायचं नव्हतं. पण यापुढे त्याच्याशी हुशारीने काही बोलायचं नाही, एवढं मी ठरवलेलं होतं. "खालून," मी म्हटलं. "तुझ्या उजव्या हाताच्या बाजूने, खालून वर."

त्याने माझे शब्द स्वतःशीच पुन्हा म्हटले.

"मला दोन दिसले असते," तो म्हणाला. "मी वरचा अडवला असता."

मागून कमलबाईची हाक ऐकू आली, भाकर थंड होऊन राहिली, ये म्हणून.

"आलो याडी," सतीश म्हणाला आणि जेवायला गेला.